नंबर पोर्ट करावा की दुसऱ्या खाचेत नवं सिम घालावं?

घरात रेंज नाही, फोन मात्र चांगला चालतोय. मग कंपनी बदलायच्या दोन वाटा: नंबर पोर्ट करायचा, म्हणजे तोच नंबर नव्या कंपनीकडे न्यायचा, किंवा आहे तो नंबर जुन्या कंपनीतच ठेवून दुसऱ्या खाचेत नव्या कंपनीचं सिम घालायचं. बहुतेक जण थेट पोर्ट करतात. माझं मत मात्र पहिल्या महिन्यापुरतं तरी दुसऱ्या सिमच्या बाजूने आहे.

पोर्टिंगची सोय मोठी आहे, यात वाद नाही. नंबर तोच राहतो, त्यामुळे बँक, आधार, गॅस कुठेही कळवावं लागत नाही. १९०० वर मेसेज केला की पोर्टिंगचा आठ अक्षरी कोड येतो. तो आपल्या महाराष्ट्रात चार दिवस चालतो. त्याच सर्कलमध्ये (म्हणजे मोबाइल सेवेच्या विभागात) पोर्टिंगला कामाचे तीन दिवस लागतात, सर्कल बदललं तर पाच. मुंबई आणि महाराष्ट्र-गोवा ही दोन वेगळी सर्कलं आहेत, म्हणून मुंबईचा नंबर पुण्यात पोर्ट करताना पाच दिवस धरा. पण प्रीपेडची उरलेली शिल्लक आणि मुदत बुडते. शिवाय नव्या कंपनीत ९० दिवस काढल्याशिवाय पुन्हा पोर्ट करता येत नाही. स्वयंपाकघरात फोन लागत नाही हे चौथ्या दिवशी कळलं, तरी तीन महिने तसेच काढायचे.

दुसऱ्या सिमला खर्च जास्त, कारण रिचार्ज दोन. तरी २०२५ पासून फक्त कॉल-एसएमएसचे पॅक मिळतात. जुना नंबर त्यावर जिवंत ठेवता येतो.

महिनाभर बघायचं काय? तुमचा फोन त्या नेटवर्कशी जुळतो का, हे. दुकानात याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. जिओकडे टूजी-थ्रीजी नाहीच, म्हणून फोनमध्ये व्होल्टी (फोरजीवरून कॉल करायची सोय) चालू नसेल तर साधा कॉलही लागत नाही. एअरटेल आणि व्हीआयवर कॉल टूजीवर तरी उतरतो. जिओचं फाइव्हजी फोरजीच्या आधाराशिवाय चालतं, तेव्हा फोनलाही ते तसं चालवता यायला हवं. भिंतींआड पोचणारा त्याचा ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा फोनच्या माहितीपत्रकात एन२८ नावाने असतो. सुरुवातीच्या काही फाइव्हजी फोनमध्ये फक्त एन७८ हा वेगळा पट्टा होता. त्यांना घरात तो फायदा मिळत नाही. बीएसएनएलचं नवं फोरजी ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर आहे. गावी टॉवर त्यांचाच जवळ असेल तर मी आवर्जून तेच सुचवेन, पण फोनच्या माहितीपत्रकात बँड २८ (फोरजीतला ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा) आहे का ते आधी वाचा. जुन्या पुष्कळ फोनमध्ये तो नसतो.

फोन अमेरिकेहून आलेला असेल तर दोन गोष्टी आधी तपासा. तो तिथल्या कंपनीला लॉक आहे का, म्हणजे फक्त तिचंच सिम घेतो का? आयफोनच्या 'अबाउट'मध्ये हे दिसतं. आणि तिथल्या आयफोन १४ पासून पुढच्या बऱ्याच मॉडेलांना सिमची खाचच नाही, ई-सिमच (फोनच्या आतच असलेलं सिम) घ्यावं लागतं.

थेट पोर्ट कुणी करावं? ज्यांच्या फोनला एकच सिम लागतं, किंवा ज्यांच्या घरात त्याच कंपनीचं सिम त्याच मॉडेलच्या फोनवर आधीच नीट चालतंय, त्यांनी. सिम हरवून नवं घेतलं असेल तर सात दिवस कोड मिळत नाही, हे लक्षात ठेवा. बाकीच्यांनी महिनाभर बघून पोर्टचा मेसेज टाकताना जुना रिचार्ज संपायला चार-पाच दिवस उरलेले असतील असं बघावं.