चिंचोके, काड्या आणि मणीमाळ: शाळेचं एक वर्ष वापरल्यावर

बेरीज शिकवायला कोणतं साहित्य घ्यावं, असं विचारणारे पालक दर जूनला भेटतात. सोलापुरात अशोक चौकाजवळ माझी घरगुती शिकवणी आहे. पहिली-दुसरीची मुलं संध्याकाळी येतात. बहुतेकांच्या घरी यंत्रमाग नाहीतर विड्या, घरात बोलणं तेलुगू किंवा कन्नड आणि शाळा मराठी. गेल्या जूनपासून वहीतली उदाहरणं जवळजवळ बाजूला ठेवली. हातात वस्तू द्यायच्या, प्रश्न गोष्टीसारखा सांगायचा आणि मुलांना आपल्या आपण सोडवू द्यायचा, असं वर्षभर चालवलं. आता एप्रिल आहे. काय टिकलं आणि काय पैसे घेऊन गेलं ते सांगते.

ऑनलाइन मागवलेला रंगीत ठोकळ्यांचा संच पहिल्यांदा बाद झाला. ठोकळे एकमेकांत नीट बसायचे नाहीत, दहाची कांडी उचलली की मधूनच तुटायची. पण ते एक वेळ चाललं असतं. खरी अडचण सोबतच्या कार्डांची. त्यांवर नुसतं ३ + २, ४ + १. तेवढे ठोकळे मांडायचे, मोजायचे, पुढचं कार्ड घ्यायचं. मुलं भराभर कार्डं संपवायची आणि ‘तीनात दोन मिळवले म्हणजे काय झालं?’ असं विचारलं की माझ्या तोंडाकडे बघत बसायची.

त्याच्या उलट, फुकटातले चिंचोके वर्षभर पुरले. पटाच्या खेळाला घेतो तसे मधोमध फोडलेले, एक बाजू पांढरी, एक काळी. सात चिंचोके ओंजळीत खुळखुळवून टाकायचे आणि पांढरे किती, काळे किती ते सांगायचं. ३ आणि ४, ५ आणि २, ६ आणि १. पाटीवर नोंद करत गेलं की सातच्या सगळ्या जोड्या मुलं स्वतःच गोळा करतात. एकदा सगळेच काळे पडले, तेव्हा त्याला जोडी म्हणायचं की नाही यावर मोठं भांडण झालं. ‘पांढरे नाहीतच, तर काय लिहू?’ शेवटी एकाने ० आणि ७ लिहिलं आणि बाकीच्यांनी कुरकुरत मान्य केलं. शून्य मिळवणं हा धडा मला वेगळा घ्यावाच लागला नाही.

मग गोष्टीतले प्रश्न. ‘पाच होत्या, आईने तीन दिल्या, आता किती?’ हे सगळ्यांना येतं, कारण त्यात काहीतरी घडतं. ‘दोरीवर चार लाल टॉवेल, तीन पांढरे टॉवेल, एकूण किती?’ यात काहीच घडत नाही, दोन गट नुसते शेजारी असतात, आणि लहानांना तिथे थोडं थांबायला होतं. खरी कसोटी तिसऱ्या प्रकाराची. गड्ड्यातला, म्हणजे आमच्या सोलापूरच्या संक्रांतीच्या जत्रेतला, पाळणा घेतला: ‘सहा जण बसलेत. दहा झाल्याशिवाय पाळणेवाला सुरू करत नाही. अजून किती हवेत?’ दोन आकडे दिसले की मिळवून टाकायचे, अशी सवय लागलेली दुसरीतली पोरं सोळा म्हणून मोकळी झाली. पहिलीतल्या एकाने मात्र सहा चिंचोके पांढरी बाजू वर करून मांडले, पुढचे एकेक काळी बाजू वर करून ठेवत दहापर्यंत गेला आणि काळे तेवढे मोजले. असं का केलंस, म्हटल्यावर म्हणाला, ‘हे नंतर आलेत ना मॅडम, म्हणून उलटे ठेवलो.’ ही युक्ती मी शिकवलेली नव्हती. आता सगळा वर्ग वापरतो.

‘एकूण’ दिसलं की बेरीज आणि ‘उरले’ दिसलं की वजाबाकी, ही गाईडमधली गुरुकिल्ली घरात शिकवत असाल तर कृपा करून थांबवा. पाळण्याच्या प्रश्नात ती उघडीच पडते.

पुढे मोजणं, म्हणजे एकापासून न मोजता पहिल्या आकड्याच्या पुढून मोजणं, कधी येतं, असं बरेच जण विचारतात. वाटीखाली आठ चिंचोके झाकायचे, बाहेर तीन ठेवायचे. सुरुवातीला मुलं वाटीवर आठ टिचक्या मारून मग बाहेरचे मोजतात. मारू द्यावं. कोणाला दिवाळी लागते, कोणाला संक्रांत, पण एक दिवस ‘आठ… नऊ, दहा, अकरा’ असं आपसूक येतं. त्यानंतर २ + ९ दिलं की मूल नऊपासून सुरू करतं. ८ + ५ ला पाचातले दोन आठाला देऊन दहा करणं हे त्याच्याही पुढचं, आणि ते सगळ्यांना अजून जमलेलं नाही.

काड्यांबद्दल मात्र माझं मत शंभर टक्के चांगलं आहे. आइस्क्रीमच्या काड्या आणि रबरबँड, बस. ३८ + २५ वहीत मांडलं की दुसरीतली मुलं ५१३ लिहायची. आठ-पाच तेरा, तीन-दोन पाच, सगळं बरोबर! काड्यांनी तेच करताना सुट्या तेरा होतात, दहाला रबरबँड लागतो, जुडी जुड्यांत जाते, सहा जुड्या आणि तीन सुट्या राहतात. ‘हातचा एक’ म्हणजे ही जुडी, हे बांधणाऱ्या हाताला कळतं. आमच्याकडच्या मुलींना जुड्या बांधायला सांगावंच लागलं नाही, आईला विड्यांचे कट्टे बांधताना त्या रोज बघतात. (एकीने पंचवीसची जुडी केली, कारण घरी तशीच असते. तिच्याबरोबर चार पंचवीस शंभर झालं, तो दिवस वेगळाच गेला.)

काड्यांवरून थेट आकड्यांवर उडी मारली तर सगळं सांडतं. डी.एड.ला मानसशास्त्रज्ञ ब्रूनर पाठ केला होता, आधी कृती, मग चित्र, मग चिन्ह, तो इथे कामाला आला. जुडीसाठी उभी रेघ, सुटीसाठी टिंब, असं पाटीवर बरेच दिवस काढून घेतलं. आकडे त्यानंतर.

शंभर मण्यांची माळ, दहा लाल, दहा पांढरे, अशी. चांगली आहे, पण ती एकट्याला देण्याची वस्तू नाही, दोघांत एक हवी. २७ वर चिमटा लावून ‘आता ३० ला किती हवेत?’ असं विचारायला तिच्यासारखं दुसरं काही नाही. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात ‘वीस सात’ असं वाचन आणलं, तेव्हा महाराष्ट्रभर चेष्टा झाली. माळेवर ते वाचन सरळ दिसतं: दोन दशक, मग सात मणी. तेलुगू बोलणाऱ्या मुलांना तर त्यात नवल नव्हतंच, त्यांच्या घरी आधी वीस आणि मग सात असंच म्हणतात. मी दोन्ही शिकवते, बाजारात ‘सत्तावीस’च लागतं.

बरोबरच्या (=) चिन्हासाठी हँगरचा तराजू करतात, तो चिंचोक्यांनी करू नका. चिंचोके एका वजनाचे नसतात, उत्तर बरोबर असूनही दांडी कलते आणि मुलं रडकुंडीला येतात. एकसारखे मणी घ्या. तराजूवर खेळल्यावर ८ + ४ = ☐ + ५ मध्ये १२ लिहिणारी निम्मी मुलं ७ वर आली, निम्मी अजून १२ वरच आहेत.

पालकांचं काय, तर पहिले दोन-तीन महिने कठीण गेले. ‘मॅडम, वही कोरीच की हो. फी कशाची देऊलालोय?’ हे दारात ऐकून घ्यायची तयारी ठेवा. एका आईला बसवून पाळण्याचा प्रश्न लेकराकडून सोडवून दाखवला, तेव्हा तिचं समाधान झालं. तिच्या नवऱ्याचं झालं नाही, त्यांनी मुलाला दुसरीकडे घातलं.

घ्यायचंच असेल तर काड्या, एक माळ आणि मूठभर चिंचोके. लहान भावंडं रांगती असतील तर चिंचोके वर ठेवा, नाकात जातात. आकडे छापलेले प्लास्टिकचे ठोकळे घेऊ नका. रबरबँड मात्र जास्तच आणा, सोलापूरच्या उन्हात ते एप्रिलपर्यंत चिकट होऊन तुटतात आणि जुड्या ऐन परीक्षेत सुटतात.