जुना सोलो घ्यावा की नवा मिनी: मावसभावाला फोनवर सांगितलं तेच इथे

गेल्या रविवारी न्यू जर्सीहून मावसभावाचा फोन. त्याच्या गल्लीत कुणीतरी घर रिकामं करतंय, तिथे त्याला थ्रीडीआरचा सोलो ड्रोन मिळतोय, खोक्यासकट, गिंबल (उडताना कॅमेरा स्थिर धरणारं यंत्र) आहे, दोन बॅटऱ्या आहेत, सगळं मिळून १२० डॉलर. आणि दुसरीकडे डीजेआय या चिनी ड्रोन कंपनीचा मिनी ४के आहे, तो बाजारात आला तेव्हा २९९ ला होता. "दादा तुझ्याकडे दोन्ही आहेत ना, सांग कुठला घेऊ." आहेत खरे. सोलो दोन आहेत, एक उडतो आणि दुसरा त्याला सुटे भाग पुरवतो. मिनी बायकोच्या नावावर घेतलाय कारण घरात दोन ड्रोन असताना तिसरा कशाला, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणजे मी पक्षपाती आहे हे आधीच सांगून टाकतो. सोलोवर माझा जीव आहे. पण त्याला सल्ला देताना जीव बाजूला ठेवायचा प्रयत्न केला, बघा कितपत जमलाय ते.

ज्यांना सोलो माहीतच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. थ्रीडी रोबोटिक्स, म्हणजेच थ्रीडीआर, ही कॅलिफोर्नियातली बर्कलेची कंपनी, २००९ मध्ये क्रिस अँडरसन आणि जॉर्डी मुन्योज यांनी काढलेली. अँडरसन तेव्हा वायर्ड मासिकाचा संपादक होता. घरच्या घरी ड्रोन बनवणाऱ्यांना त्याने २००७ पासूनच एकत्र आणलं होतं, म्हणजे इथे आधी माणसं जमली आणि मग कंपनी झाली, नेहमीच्या उलट. एप्रिल २०१५ ला त्यांनी सोलो दाखवला. एक गिगाहर्ट्झचे दोन लिनक्स कॉम्प्युटर, एक ड्रोनमध्ये आणि एक रिमोटमध्ये, आत पिक्सहॉक २, म्हणजे उड्डाण सांभाळणारा बोर्ड, आणि त्यावर चालणारं सॉफ्टवेअर अर्डूपायलट. रिमोटवर एक पॉज बटण, गडबड झाली की दाबा, जागच्या जागी थांबतो. केबल कॅम नावाचा प्रकार होता, हवेत दोन जागा ठरवून द्या, मग तो तारेवर चालल्यासारखा त्याच रेषेत हव्या तितक्या वेळा जातो-येतो, तुम्ही फक्त कॅमेरा फिरवत बसायचं. २०१५ मध्ये हे बघून आमच्यासारख्यांचं डोकं फिरलं होतं.

पण हिशोब बघा. नुसता सोलो ९९९ डॉलर, गिंबलसकट १३९९, आणि कॅमेरा तुमचा तुम्ही आणायचा, गोप्रो कंपनीचा छोटा कॅमेरा हिरो ४ ब्लॅक तेव्हा ४९९ ला होता. झाले जवळपास १९००. सोलोच्या काही दिवस आधीच डीजेआयने फँटम ३ आणला होता, त्याचं प्रोफेशनल मॉडेल १२५९ ला, कॅमेरा आणि गिंबल त्यातच. शिवाय सोलोचं गिंबल मागाहून आलं, सुरुवातीच्या लोकांना जीपीएसने रडवलं, दुकानांत माल पडून राहिला आणि डीजेआय किमती खाली आणत गेली. २०१६ संपायच्या आत थ्रीडीआर ग्राहकांच्या ड्रोनमधून बाहेर. जवळपास १० कोटी डॉलर उडाले आणि १५० हून जास्त लोक घरी गेले. उरलेले सोलो मिळेल त्या भावाला काढले, मी माझा पहिला तेव्हाच घेतला. त्यामुळे माझी निष्ठा वगैरे जी काय आहे ती सेलमधली आहे हेही कबूल करतो.

आता मुद्द्यावर येऊ.

फोटो-व्हिडिओसाठी घेत असाल तर मिनी, यात वाद घालण्यासारखं काही नाही. सोलोचं गिंबल हिरो ३ आणि ४ च्या काळातल्या गोप्रोसाठी बनलंय, नवीन गोप्रो त्यात बसत नाही, म्हणजे ड्रोन जुना घेतला की कॅमेराही जुना घ्यावा लागतो, आणि त्या कॅमेऱ्याची बॅटरीही एव्हाना म्हातारी झालेली असते. मिनी ४के खिशातून काढा, पाय उघडा, दोन मिनिटांत वर. कंपनी ३१ मिनिटं सांगते, वाऱ्यात पंचवीसच्या आसपास धरा. सोलो गिंबल लावून वीस मिनिटं म्हणायचे आणि ते नव्या बॅटरीवर, माझा आता बारा-तेराला उतरवतो मी, भीती वाटते.

कायद्याचंही तसंच. अमेरिकेत हौसेखातर उडवायला २५० ग्रॅमच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही आणि मिनी २४९ चा आहे, अगदी मोजून बनवलाय. ट्रस्ट नावाची फुकट परीक्षा मात्र सगळ्यांनाच द्यावी लागते. सोलो रिकामाच दीड किलोचा, गिंबल-कॅमेरा लावला की एक किलो आठशे. म्हणजे एफएएकडे (अमेरिकेचं विमान वाहतूक खातं) ५ डॉलर भरून नोंदणी आणि वर रिमोट आयडी, म्हणजे उडताना ड्रोनने स्वतःची ओळख रेडिओवरून सांगत राहणं, जो सोलोत असण्याचा प्रश्नच नाही कारण तो नियम त्याच्या खूप नंतरचा, त्याची अंमलबजावणी मार्च २०२४ पासून कडक झाली. तर बाहेरून एक छोटं मॉड्यूल विकत घेऊन चिकटवावं लागतं, आणि एवढ्यात १२० चा सोलो १२० चा राहत नाही. योसेमिटीला जाऊन उडवू म्हणत असाल तर दोन्ही विसरा, नॅशनल पार्कांत २०१४ पासून बंदीच आहे.

मावसभावाने इथे मध्येच विचारलं, पुढच्या वर्षी गावी नेता येईल का, हरिश्चंद्रगडावरून कोकणकड्याचा शॉट घ्यायचाय. बाबा, नको. भारतात तयार ड्रोन आणायला फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढेच अपवाद. तुझी बॅग यातल्या कशातच बसत नाही. कस्टमवाल्यासमोर कोकणकड्याचं वर्णन करून काही उपयोग नाही.

तर आतापर्यंत मिनी सगळीकडे पुढे. मग माणसं अजून सोलो का धरून बसलीत?

त्याचं कारण असं की कंपनी गेली पण सोलोचं पोट उघडं राहिलं. अर्डूपायलट तर मुळातच ओपन सोर्स होतं, म्हणजे कोड कुणीही बघावा, बदलावा, आणि थ्रीडीआरने सोलोचा बाकीचा कोडही मोकळा केला. त्यातून ओपन सोलो उभं राहिलं, ज्यांना कुणी पगार देत नव्हतं अशा माणसांनी नोकरी सांभाळून रात्री बसून केलेलं काम. ग्रीन क्यूब नावाचा नवा ऑटोपायलट आला, खास सोलोच्या खाचेत बसेल असा, जुना मेंदू काढायचा आणि हा घालायचा, म्हणजे पुढची अर्डूपायलट व्हर्जन्स चालतात. मूळ ॲप मागे पडलं तर बाहेरच्या एका डेव्हलपरने अँड्रॉइडसाठी सोलेक्स लिहिलं आणि ते मूळ ॲपपेक्षा सरस निघालं. जीपीएससुद्धा लोकांनी बदलून घेतले. माझ्या उडणाऱ्या सोलोमध्ये आता मूळ म्हणावं असं कवच, मोटर आणि रिमोट एवढंच उरलंय.

याच्याशेजारी गोप्रोचा कर्मा ठेवून बघा. तो २०१६ मध्ये आला, बॅटरी निसटून ड्रोन खाली यायला लागले म्हणून परत मागवला, पुन्हा आणला आणि जानेवारी २०१८ ला गोप्रोने ड्रोनचा नाद सोडला. मग १ जानेवारी २०२० उजाडला आणि जगभरातले कर्मा उडायलाच तयार होईनात, कारण आतली जीपीएस-कंपासची तारखेशी बांधलेली भानगड. गोप्रो जिवंत होती म्हणून काही आठवड्यांत अपडेट मिळालं. ती बुडाली असती तर? कर्मावाल्यांच्या हातात कोडच नव्हता, दुरुस्त काय करणार, दारात बसून वाट बघायची. सोलोवाल्यांवर ती वेळ आली नाही. मिनी या बाबतीत कर्माच्या जातीचा आहे, मशीन उत्तम पण कुलूपबंद, किल्ली शेनझेनला, डीजेआयच्या मुख्यालयात. त्याचं अँड्रॉइड ॲप गूगल प्ले वर नसतं, डीजेआयच्या साइटवरून उतरवून घ्यावं लागतं, एवढं साधं.

आणि डीजेआय काय बुडणार आहे का, असं कुणी विचारलं असतं तर पाच वर्षांपूर्वी मीही हसलो असतो. बुडणार नाही, पण अमेरिकेत तिचं काय होईल ते बघा. मे २०२५ ला मॅविक ४ प्रो आला तो अधिकृतपणे इथे विकायलाच आणला नाही. डिसेंबर २०२५ मध्ये एफसीसीने (रेडिओ उपकरणांना मंजुरी देणारं अमेरिकी खातं) परदेशी बनावटीचे ड्रोन कव्हर्ड लिस्ट नावाच्या धोकादायक मालाच्या यादीत टाकले, म्हणजे आधी मंजूर झालेले विका, उडवा, हरकत नाही, पण नव्या मॉडेलला मंजुरी नाही. मिनी ४के जुना असल्यामुळे चालतो. पण सुटे भाग, बॅटऱ्या, ॲपचे अपडेट इथे किती वर्षं मिळत राहतील यावर मी पैज लावणार नाही. अमेरिकन पर्याय म्हणाल तर स्कायडिओने ऑगस्ट २०२३ मध्ये घरगुती ड्रोन बंद करून सरकारी आणि कंपन्यांची गिऱ्हाइकं धरली. उद्या मिनीवालेही आमच्यासारखे अनाथ झाले तर त्यांच्याकडे ओपन मिनी नाहीये.

इतकं ऐकून मावसभाऊ म्हणाला, "म्हणजे सोलो घेऊ." थांब.

सोलो कोडने मरत नाही, तो बॅटरीने मरतो. आणि हे आम्ही सोलोवाले नवीन माणसाला सांगताना जरा गिळतो. ती स्मार्ट बॅटरी आहे, चार सेलची लायपो (लिथियम पॉलिमर), १४.८ व्होल्ट, ५२०० एमएएच, आत सर्किट, आणि तिचा आकार म्हणजेच ड्रोनच्या पाठीचं झाकण, त्यामुळे बाजारातली दुसरी कुठली आणून बसवता येत नाही. खोक्यात बंद, कधीच न वापरलेली मिळाली तरी तिचं वय व्हायचं ते झालेलंच असतं. लायपोला वापरलं नाही म्हणून तरुण राहणं माहीत नाही. माझ्या चारपैकी दोन माझ्याच आळसाने गेल्या, थँक्सगिव्हिंगला फुल चार्ज केल्या, पाऊस लागला म्हणून उडवलं नाही, आणि मार्चमध्ये काढल्या तर पुरीसारख्या टम्म. अर्ध्या चार्जवर ठेवायच्या असतात हे मला माहीत होतं, तरी.

मग लोक काय करतात, तर कवच कापून उघडतात, आतले सेल काढून नवीन सेल मूळ सर्किटला जोडतात. मी एकदा केलंय. हात थरथरत होते, शेजारी वाळूची बादली ठेवली होती आणि बायको मुलीला घेऊन तिच्या मैत्रिणीकडे गेली होती, मीच जा म्हटलं होतं. चार सेलच्या पॅकमध्ये चुकून शॉर्ट झालं तर विझवायला वेळ मिळत नाही. ज्याने आजवर टीव्हीचा रिमोटही उघडला नाही त्याने हे करू नये, आणि माझा मावसभाऊ त्या गटात मोडतो, मावशीला विचारा.

मिनीचं इथे उलट आहे. आत डोकावता येत नाही पण आज तरी दुकानात जाऊन नवी बॅटरी आणता येते, खटकन बसते, विषय संपला. हौशी माणसाच्या दहा उड्डाणांपैकी नऊ उड्डाणं कोडवर नाही तर या खटकन बसण्यावर होतात.

आता माणसांचं. सोलोवाले संख्येने कमी झालेत, काही एफपीव्हीकडे (चष्म्यात ड्रोनच्या डोळ्याने बघत उडवणं) गेले, काही मिनी घेऊन गप्प झाले (मीही अर्धा तिकडेच आहे), पण जे उरलेत ते विलक्षण आहेत. माझं गिंबल एकदा सुरूच होईना तर ओरेगनमधल्या एका म्हाताऱ्या गृहस्थाने, ज्यांना मी कधी भेटलो नाही, माझ्या लॉग फाइल मागवून घेतल्या, दोन दिवसांनी सांगितलं की केबल बदल, आणि केबल स्वतःच पोस्टाने पाठवली, पैसे घेतले नाहीत. सोलो प्रत्येक उड्डाणाची नोंद स्वतःजवळ ठेवतो, विमानातल्या ब्लॅक बॉक्ससारखी, आणि थ्रीडीआरने कबूल केलं होतं की नोंद बघून चूक मशीनची निघाली तर बदलून देऊ. कंपनी गेल्यावर ते वचन या असल्या माणसांनी पाळलं, केबलच्या पाकिटांतून. मिनीच्या बाबतीत माझा असा कुणाशी संबंधच आला नाही, कारण तो बिघडलाच नाही. यातलं जास्त चांगलं काय ते ज्याचं त्याने ठरवावं, मला रात्री अकरा वाजता कुणी "लॉग पाठव" म्हणलेलं आवडतं.

थोडी उलटी बाजूही सांगतो. ही मंडळी सोलोविरुद्ध शब्द ऐकून घेत नाहीत. नवीन माणसाने विचारलं की हे घेऊ का, तर शंभर टक्के घे म्हणतात, बॅटरीचं वय विचारत नाहीत. डीजेआय म्हटलं की तोंड वाकडं, आणि सोलो स्वतः चीनमध्येच बनायचा ही आठवण काढली की चर्चा थंड होते.

मावसभावाला शेवटी सांगितलं ते असं. पोरांचे वाढदिवस, समुद्र, फॉलचे रंग, हे टिपायचं असेल तर मिनी घे, मागे वळून बघू नकोस. ड्रोन आतून कसा चालतो ते शिकायचं असेल, अर्डूपायलटचं मिशन प्लॅनर हे कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर उघडून पॅरामीटर चाळत बसण्यात मजा येणार असेल, तर सोलो १२० मध्ये स्वस्त शाळा आहे, कारण त्यात शिकलेलं अर्डूपायलट पुढे रोव्हर, बोट, स्वतः बनवलेला चार पंख्यांचा ड्रोन सगळ्याला लागू पडतं. तिकडे पुण्या-मुंबईच्या कॉलेजांतली बरीच पोरंही पिक्सहॉकवरच हात बसवतात. पण मग तो ड्रोन म्हणून घेऊ नकोस, किट म्हणून घे, आणि बॅटऱ्यांची किंमत शून्य धर.

आणि बघायला जाशील तेव्हा बॅटरी सपाट टेबलावर ठेवून बघ, डुलली तर फुगलीय, तिला चार्जिंगला लावूच नकोस. गिंबलची पातळ केबल दुमडून तुटलीय का ते बघ. रिमोट आणि ड्रोन एकमेकांना जोडून दाखव म्हणावं, नुसते दिवे लागलेले चालणार नाहीत. हे तिन्ही ठीक निघालं तर १२०, नाहीतर ६० म्हण आणि निघून यायची तयारी ठेव.