एक्सएक्सडी: बायनरी फाइल उघडायची तर आधी हे वापरा

बायनरी फाइल आतून बघायची म्हटलं की बरेच जण मोठे ग्राफिकल हेक्स एडिटर शोधायला लागतात, पण मशीनवर विम हा टेक्स्ट एडिटर असेल तर एक्सएक्सडी (xxd) ही कमांड बहुतेक आधीच आलेलं असतं. फाइलमधले बाइट हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायाच्या आकड्यांत दाखवणारं हे युर्गेन वायगर्ट यांनी १९९० च्या दशकात लिहिलेलं छोटंसं टूल आहे आणि मला विचाराल तर अजूनही पहिला हात यालाच घालावा.

फाइलचं नाव दिलं की एका ओळीत १६ बाइट, डावीकडे ऑफसेट (म्हणजे बाइटची फाइलमधली जागा), मधे हेक्स, उजवीकडे अक्षरं. एवढं तर हेक्सडंप आणि ओडी या कमांड पण करतात. खरी ताकद आहे मायनस आर (-r) या पर्यायामध्ये, म्हणजे निघालेला डंप (हे हेक्समधलं आउटपुट) साधा टेक्स्ट असतो, तो हव्या त्या एडिटरमध्ये बदला आणि मायनस आर ला द्या की परत बायनरी तयार! आणि आउटपुट म्हणून आधीचीच फाइल दिली तर ती पुसून टाकत नाही, जेवढ्या ऑफसेटचे बाइट दिलेत तेवढेच बदलतं, त्यामुळे एका ओळीत पॅच मारता येतो, म्हणजे फाइलमध्ये नेमका छोटा बदल करता येतो. फक्त बदल हेक्समध्येच करा, उजवीकडच्या अक्षरांकडे ते बघतही नाही. आणि विममधूनच एडिट करणार असाल तर फाइल मायनस बी लावून उघडा, नाहीतर सेव्ह करताना शेवटी जास्तीची न्यूलाइन चिकटू शकते.

मराठी टेक्स्टवर काम करणाऱ्यांनी तर हे शिकायलाच हवं. 'दुसऱ्या' शब्द स्क्रीनवर दिसतोय पण सर्चमध्ये सापडत नाही, असं होतं ना? एक्सएक्सडीत टाकून बघा. एका फाइलमध्ये त्या र साठी ई० ए४ बी१ असतं, दुसरीत साधा र म्हणजे ई० ए४ बी०, मग हलंत, मग ई२ ८० ८डी, म्हणजे झीरो विड्थ जॉइनर, अक्षरं जोडणारं पण स्वतः न दिसणारं चिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच, बाइट वेगळे, आणि हे कळल्याशिवाय डेटा साफ करणं म्हणजे नुसतं चाचपडणं. उजव्या कॉलममध्ये मात्र देवनागरीच्या जागी नुसती टिंबं येतात, ते खटकतंच.

मायनस आय ने फाइलचा थेट सी भाषेतला ॲरे (बाइटची यादी, कोडमध्ये चिकटवता येईल अशी) मिळतो, मायक्रोकंट्रोलरवाल्यांना फार कामाचं.

मोठ्या फाइलला मात्र हे झेपत नाही असंच म्हणेन, कारण डंप मूळ फाइलच्या चौपटीहून मोठा होतो आणि तो अख्खा एडिटरमध्ये उघडणं जड जातं, अशा वेळी मायनस एस (कुठून सुरू) आणि मायनस एल (किती बाइट) लावून हवा तेवढाच तुकडा काढा. मधेच नवे बाइट घुसवायचे असतील तर ऑफसेट आडवे येतात, तिथे डंप काढताना आणि परत बायनरी करताना, दोन्ही वेळेला मायनस पी वापरा, त्यात ऑफसेट नसतातच. आणि नुसतं रंगीत बघायचंय, बदलायचं काही नाही, तर हेक्सिल (hexyl) हे वेगळं टूल टाका, ते डोळ्यांना जास्त सोपं जातं.