इंग्लिश रायटिंगचा पावसाळी क्लास, रत्नागिरी – होमस्टेवाल्यांनी जरूर करा

गणपतीपुळे, गुहागर पट्ट्यातले होमस्टेवाले आणि आंब्याचे पार्सल बाहेर पाठवणारे बागायतदार यांच्यासाठी मुद्दाम लिहितेय. रत्नागिरीत पावसाळ्यात इंग्लिश रायटिंगची एक बॅच चालते, ती केली आणि खरंच आवडली.

इथे टेन्सचे तक्ते पाठ करून घेत नाहीत, सगळा भर व्हर्बच्या मागे काय येतं यावर. वॉन्ट, होप, डिसाइड, प्रॉमिस यांच्यामागे टू येतं आणि एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश यांच्यामागे आयएनजी. आपली गडबड का होते ते मॅडमनी फार छान उलगडून सांगितलं, आपण ‘पोहायला आवडतं’ म्हणतो आणि ‘यायला सांगितलं’ पण म्हणतो, दोन्हीकडे आपलं -यला चालून जातं, मग हात आपोआप ‘एन्जॉय टू स्विम’ लिहून मोकळा होतो. शाळेत एवढी वर्षं इंग्लिश शिकलो पण हे कोणी सांगितलं नव्हतं.

उदाहरणं सगळी आपल्या कामातली. श्रावणात मासे बंद असतात ते गेस्टला कळवायचं तर बऱ्याच जणांनी ‘वी हॅव स्टॉप्ड टू सर्व फिश’ लिहिलं. त्याचा अर्थ होतो मासे वाढण्यासाठी थांबलोय, म्हणजे एकदम उलटंच! तिथे ‘स्टॉप्ड सर्व्हिंग’ पाहिजे. तसंच रिमेंबरचं. ‘प्लीज रिमेंबर टू पे द ॲडव्हान्स’ म्हणजे भरायला विसरू नका, आणि गेस्टने ‘आय रिमेंबर पेइंग’ लिहिलं तर तो म्हणतोय की मी भरलेत, माझ्या लक्षात आहे. पैशाचा मामला आहे, इथे घोळ झाला की वाद ठरलेला.

‘आय सजेस्ट यू टू टेक तुतारी एक्सप्रेस’ असं सर्रास लिहितात, ते ‘आय सजेस्ट टेकिंग’ किंवा ‘आय सजेस्ट यू टेक’ हवं. लेट आणि मेकच्या मागे टू अजिबात नाही, ‘लेट अस नो’ एवढंच. आणि ‘लुकिंग फॉरवर्ड टू’च्या पुढे मीट नाही, मीटिंग.

अजून एक गोष्ट मला फार मोलाची वाटली, मॅडम डिक्शनरी बघायची सवय लावतात. ऑक्सफर्डची लर्नर्स डिक्शनरी (हॉर्नबींची, ऑक्सफर्डने 1948 मध्ये काढलेली) आधीपासूनच व्हर्बचे पॅटर्न देत आलीय, शब्दाचा अर्थ बघून पुस्तक मिटू नका, खालचा नमुना वाचा असं त्या सारखं सांगतात. आता मी मोबाईलवर तेच करते, मेसेज पाठवायच्या आधी शंका आली की बघून घेते.

कमी काय आहे तर बॅच मोठी आहे त्यामुळे होमवर्क तपासून मिळायला फार उशीर होतो आणि तोपर्यंत आपण काय लिहिलं होतं तेच आठवत नाही, यात सुधारणा व्हायलाच हवी. नोट्सची झेरॉक्सही फिकट, मागच्या बाकावर वाचताच येत नाही. बोलायचं इंग्लिश शिकायचं असेल तर मात्र इथे जाऊ नका, हा निव्वळ लिहिण्याचा क्लास आहे.

बागायतदारांनी आंबा आटपला की लगेच नाव द्या, गणपती जवळ आले की निम्मा वर्ग गळतो आणि पत्रलेखनाचा भाग, जो सगळ्यात कामाचा आहे, तो नेमका शेवटी असतो.