गिझरची ‘नवी’ कॉइल

पुण्यात सिंहगड रस्त्यावरील आमच्या सोसायटीत वर्षाचा बराच काळ बोअरचे किंवा टँकरचे पाणी येते. त्यामुळे गिझरमध्ये क्षार साचून तो बिघडणे ही इथली नेहमीचीच तक्रार आहे, आणि नेमक्या या तक्रारीचा फायदा घेऊन आमच्याकडून ४,६०० रुपये उकळण्यात आले.

पंधरा लिटरच्या गिझरचा दिवा लागत होता, पण पाणी तापत नव्हते. पत्नीने कंपनीचे नाव टाकून इंटरनेटवर ग्राहक सेवेचा क्रमांक शोधला आणि सर्वांत वर दिसलेल्या क्रमांकावर फोन केला. तासाभरात कंपनीचे चिन्ह छापलेला टीशर्ट घातलेला एक तरुण हजर झाला. गिझरचे खालचे झाकण काढून तो काही वेळ आत खुडबुड करत राहिला, मग बटण सुरू करून त्याने गिझरच्या लोखंडी अंगाला टेस्टर लावला. टेस्टर पेटला. “काकू, बॉडीत करंट उतरलाय, कुणाचा ओला हात लागला असता तर काय झालं असतं?” एवढे एक वाक्य पुरेसे होते. त्यानंतर व्हॉल्व्हमधून पडणारे थेंब दाखवून टाकीही आतून फुटल्याचे त्याने सांगितले आणि नवा गिझर घेण्याचा आग्रह धरला. पत्नीने नकार दिल्यावर कॉइल आणि थर्मोस्टॅट (पाणी ठरावीक तापमानाला पोहोचल्यावर वीज बंद करणारा भाग) बदलण्यावर सौदा ठरला. नवे सामान खाली गाडीत आहे, असे सांगून तो जुने भाग घेऊन गेला आणि बऱ्याच वेळाने लखलखीत कॉइल घेऊन परतला. जुने भाग कंपनीत जमा करावे लागतात, असे त्याचे म्हणणे होते. पाणी कडकडीत तापू लागल्यामुळे संशय घेण्याचे कारणच उरले नाही.

थोड्याच आठवड्यांत पाणी पुन्हा गार येऊ लागले, तेव्हा आम्ही सोसायटीत वर्षानुवर्षे काम करणाऱ्या वायरमनला बोलावले. त्याने गिझर खाली उतरवून कॉइल बाहेर काढली आणि बॅटरीच्या उजेडात तिच्या चकतीवरचा ठसा मला वाचायला लावला. त्यावरचे महिना-वर्ष गिझरच्या पट्टीवरील महिना-वर्षाशी तंतोतंत जुळत होते, आणि नळीच्या वळणांच्या बेचक्यांत पांढऱ्या क्षाराच्या बारीक रेघा अजून शिल्लक होत्या. म्हणजे आमचीच कॉइल फरशी धुण्याच्या ॲसिडमध्ये बुडवून आम्हाला विकण्यात आली होती. साफसफाई मात्र त्याने उत्तम केली होती, हे मान्य करायला हवे. थर्मोस्टॅटही जुनाच होता, फक्त पुसलेला.

मूळ बिघाड अगदी किरकोळ होता. पाणी प्रमाणाबाहेर तापले की वीज तोडणारा एक कटआउट गिझरमध्ये असतो. कॉइलवर आणि थर्मोस्टॅटच्या नळीभोवती क्षाराचा जाड थर बसला की पाण्याचे खरे तापमान थर्मोस्टॅटला उशिरा कळते, पाणी जास्त तापते आणि कटआउट उडतो. झाकणाखालचे त्याचे छोटे बटण दाबले की ‘टक्’ असा आवाज होऊन गिझर पुन्हा सुरू होतो, मात्र थर काढला नाही तर तो पुन्हा उडतो. त्या तरुणाने थर काढला आणि बटण दाबले, परंतु थर्मोस्टॅटची नळी तिच्या कप्प्यात पूर्ण आत सरकवली नाही, म्हणून दुखणे परत आले.

मला सर्वाधिक संताप आला तो वेगळ्याच गोष्टीचा. अर्थिंगची हिरवी वायर गिझरच्या अंगापासून सुटलेली होती. अर्थिंग काढले की कॉइलमधून होणाऱ्या विजेच्या किंचित गळतीनेही टेस्टर पेटतो, आणि हा प्रयोग दाखवून झाल्यावर ती वायर तशीच लोंबकळत ठेवून तो निघून गेला. ४,६०० रुपये घेऊन त्याने आमच्या न्हाणीघरात खरोखरीचा धोका बसवून दिला होता.

टाकी फुटल्याचा दावाही खोटाच होता. पाणी तापताना प्रसरण पावते आणि वाढलेला दाब व्हॉल्व्हमधून थेंबाथेंबाने बाहेर पडतो. गिझर बंद करून पाणी निवल्यावर हे थेंब थांबत असतील, तर टाकीला दोष देता येत नाही. कॉइल गेली आहे असे कोणी म्हणाले, तर प्लग काढून आणि कॉइलच्या वायरी सोडवून मल्टिमीटरवर तिच्या विद्युतरोधाचा आकडा दाखवण्यास सांगावे. दोन हजार वॉटची चांगली कॉइल साधारण २६ ओहम दाखवते, तुटलेली कॉइल काहीच दाखवत नाही. आता आमच्याकडे कोणताही भाग नजरेआड जाण्यापूर्वी त्यावर मार्करने खूण केली जाते आणि जुना भाग घरातच ठेवून घेतला जातो. पत्नीचा हा नियम वायरमनलाही लागू आहे आणि त्याने तो हसत मान्य केला आहे.

गिझरवरच्याच स्टिकरवर छापलेल्या क्रमांकावर फोन केला असता, आमच्या नावाने एकही तक्रार नोंदलेली नसल्याचे कंपनीने कळवले. आम्हाला मिळालेल्या पावतीवर चिन्ह ठसठशीत आहे, पण पत्ता किंवा जीएसटी क्रमांक नाही, आणि यूपीआयने दिलेले पैसे एका व्यक्तीच्या खात्यात गेले आहेत. सायबर फसवणुकीच्या १९३० आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या दोन्ही क्रमांकांवर आम्ही तक्रार केली आहे. पैसे अद्याप परत मिळालेले नाहीत. इंटरनेटवरील तो क्रमांक तक्रारीनंतर दिसेनासा झाला, परंतु त्याच कंपनीच्या नावाखाली आता दुसराच एक भ्रमणध्वनी क्रमांक झळकतो आहे, आणि तोही स्टिकरवरच्या क्रमांकाशी जुळत नाही.