तिसरीच्या पोरीसाठी घेतलेलं शाब्दिक गणितांचं पुस्तक: पाचपैकी साडेतीन

दिवाळीच्या सुट्टीआधी नागपुरात बर्डीवर गेले होते तेव्हा वह्यांच्या दुकानात हे निळ्या कव्हरचं पुस्तक दिसलं, रोजच्या व्यवहारातली शाब्दिक उदाहरणं, तिसरी-चौथीसाठी. छापील किंमत १६०, दुकानदाराने दहा टक्के सोडून १४४ घेतले. नाव टाकत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत आणि उगाच कोणाशी वाद नको बाप्पा.

घेतलं कशासाठी तर आमची पोरगी ४८ भागिले ६ डोळे मिटून करते, पण तेच गोष्टीसारखं लिहून आलं की वही घेऊन किचनमध्ये येते, "आई, अधिक करू की वजा?" गणित वाचलं का विचारलं तर म्हणते वाचलं ना, तू फक्त सांग अधिक की वजा. ज्यांच्या घरी या वयाचं लेकरू आहे त्यांना मी काय म्हणून राहिली ते बरोबर समजेल.

तर आधी चांगलं सांगते. यातलं तर्री पोह्याचं (पोह्यावर ओततात तो झणझणीत रस्सा म्हणजे तर्री) गणित मला इतकं आवडलं की मी ते बहिणीला फोटो काढून पाठवलं. चार जणांनी ठेल्यावर ३० रुपये प्लेटचे पोहे खाल्ले, त्यातल्या दोघांनी वरून परत तर्री घेतली, २०० ची नोट दिली, किती परत मिळाले. पोरगी दोन मिनिटं त्या "दोघांनी" वर अडून बसली, कारण आकडा दिसला की तो कुठेतरी वापरायचाच अशी सवय लागलेली, आणि मग स्वतःच म्हणाली, "तर्रीचे पैसे कुठे लागतात आई?" झालं, ८० रुपये. पुस्तकात तर्री फुकट असते असं कुठेही लिहिलेलं नाही, ते ठेल्यावर उभं राहिलेल्या पोरालाच माहीत असते, आणि मला वाटते रोजच्या व्यवहारातलं गणित म्हणजे हेच, नुसतं नागपूरचं नाव चिकटवणं नाही.

दुसरं ऑटोचं. २६ मुलं महाराजबागला चालली, एका ऑटोत ४ बसतात, ऑटो किती लागतील. हिने लिहिलं "६ ऑटो, बाकी २". खाली बारीक अक्षरात पुस्तकच विचारते, बाकीचे दोघं पायी येणार का? हसत हसत ७ केलं तिने. बी.एड. करताना वाचलेलं आठवलं, अमेरिकेत १९८० च्या दशकात तेरा वर्षांच्या मुलांना असंच विचारलं होतं, ११२८ सैनिक, एका बसमध्ये ३६, बसेस किती, तर कितीतरी मुलांनी "३१, बाकी १२" असंच लिहिलं होतं. भागाकार बरोबर, बस मात्र तशी येत नाही ना भाऊ. म्हणजे आपलीच पोट्टी अशी नाहीत.

संत्र्याचं पण छान आहे, एकीकडे ८० रुपये डझन आणि एकीकडे शंभरात वीस, स्वस्त कुठे? तिसरीच्या मुलाला अपूर्णांकात न ढकलता पुस्तक म्हणते दोन्हीकडून ६० संत्री घेऊन पाहा. ४०० आणि ३००. मी स्वतः बाजारात असा विचार कधी केला नव्हता, खरं सांगते.

आता तक्रारी. सगळ्यात पहिले ते मागचं पान, "युक्त्या" म्हणून. एकूण शब्द आला तर बेरीज, उरले आला तर वजाबाकी. अरे काहून शिकवता असं! त्याच पुस्तकात पुढे गणित आहे, पिंकीकडे एकूण ९० रुपये आहेत, त्यातले ३५ आईने दिले आणि बाकीचे आजीने, तर आजीने किती दिले. आमच्या पोरीने एकूण पाहिला आणि १२५ लिहून मोकळी. वर मलाच म्हणते, पुस्तकात लिहिलं आहे ना. मी ते पान स्टेपलर मारून बंद केलं.

मेट्रोचं गणित पाहून वाटलं वा, पण आत तेच जुनं बसवालं, सीताबर्डीला २३ उतरले १७ चढले. यावर पोरीचा प्रश्न असा की सीताबर्डीला तर लाईन बदलते, म्हणजे खापरीकडून येऊन लोकमान्य नगरला जाणारे उतरले यात धरायचे का? मला उत्तर देता आलं नाही. लिहिणारा मेट्रोत बसला नसावा.

आकडे अक्षरात लिहायची हौस पण फार. तेलाची पिशवी एकोणसत्तर रुपयांची, हिने ७९ घेतले, पुढची रीत सगळी बरोबर आणि उत्तर चूक. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात सत्तावीसला "वीस सात" असं पण म्हणायचं आलं तेव्हा मी पण नाक मुरडलं होतं, आता एकोणसत्तर समजावता समजावता तेव्हाची माझी बडबड आठवते. आकड्यात ६९ लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं.

आणि उत्तरसूची स्वतः तपासून घ्या. ११:४५ ला सुटलेली बस १:२० ला पोचली, उत्तर छापलंय १ तास ७५ मिनिटं! १३.२० मधून ११.४५ सरळ वजा केलेत कोणीतरी. बरोबर उत्तर १ तास ३५ मिनिटं. कागद पातळ आहे, पेन्सिल दाबून लिहिली की मागे उमटते, आणि चित्र काढून सोडवायला जागाच नाही, आम्ही रफ वही वेगळी केली.

भाषेचं एक. कव्हरवर "आपल्या परिसरातील" आणि आत कलिंगड, कोथिंबीर. सासूबाई चष्मा लावून वाचत होत्या, म्हणाल्या कलिंगडाला टरबूज आणि कोथिंबिरीला सांबार लिहायला काय होते यांना.

तरी घ्या म्हणेन, पण पोराच्या हातात देऊन मोकळं व्हायचं असेल तर नका घेऊ, बाजूला बसावं लागते. आमची रोज तीनच गणितं होतात. शेवटच्या पानावर "तुझं गणित तू बनव" आहे, तिथे हिने लिहिलं: आजीने बुधवार बाजारातून सांबाराच्या ३ जुड्या घेतल्या, १ फुकट मागितली, भाजीवाल्याने दिली नाही, तर घरी किती आल्या? सासूबाई अजून भांडून राहिल्या, "देते नं तो, चार लिही."