अचानक बंद पडणारा लॅपटॉप: घरी उघडायचा, तालुक्याला न्यायचा की कंपनीकडे पाठवायचा?

एप्रिलातली दुपार, आंब्याच्या पेट्यांची बिलं अर्धवट, आणि स्क्रीन एकदम काळी. ना इशारा, ना विंडोजचा चूक दाखवणारा निळा पडदा. पुन्हा चालू केला तर पाच मिनिटांत पुन्हा तेच. आमचं घर गुहागर तालुक्यात, समुद्राची गाज ऐकू येईल इतक्या अंतरावर. घरातले दोन आणि शेजारपाजारचे तीन-चार लॅपटॉप असे वागताना मी पाहिलेत. माझ्या पहिल्या लॅपटॉपच्या वेळी एका दुकानात "मदरबोर्ड गेला" असं सांगितलं होतं, म्हणजे सगळे भाग जिच्यावर बसतात ती मुख्य पाटीच. ते खरं मानून मी ऐन हंगामातले पंधरा दिवस वाया घालवले. बोर्ड धडधाकट होता.

तेव्हापासून माझं मत ठाम आहे. लॅपटॉप कुठे न्यायचा हे ठरवण्याआधी तो नेमका कधी बंद पडतो ते बघायचं. एका संध्याकाळचं काम आहे. चार्जर लावलेला होता का, बॅटरी किती टक्के होती, पंखा जोरात घुमत होता का, खालची बाजू हाताला चटका देत होती का, लाईट फडफडली होती का, एवढं दोन-तीन वेळा वहीत लिहून ठेवा.

जड काम चालू असताना बंद पडतो, लगेच चालू केला तर आणखी लवकर पडतो, अर्धा तास निवू दिला तर जास्त टिकतो, असं असेल तर भानगड उष्णतेची आहे. प्रोसेसर, म्हणजे मशीनची मुख्य चिप, 95-100 अंशांच्या आसपास गेला की आधी स्वतःचा वेग उतरवतो. तरीही ताप आवरला नाही तर मशीन स्वतःला वाचवायला वीजच तोडतं. म्हणजे हे बंद पडणं संरक्षण आहे, बिघाड दुसरीकडे आहे. एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर तापमान दाखवतं. काही उघडलेलं नसतानाही आकडा 80 च्या पुढे रेंगाळत असेल तर आत हवा खेळत नाही.

चार्जर काढल्यावर 35-40 टक्क्यांवरच मान टाकतो आणि चार्जरवर दिवसभर चालतो, तर बॅटरी. जुन्या बॅटरीवर भार पडला की तिचा व्होल्टेज एकदम खाली येतो, मग टक्के काहीही दाखवोत. आपल्याकडे ही खूण हमखास चुकीची वाचली जाते. लाईट गेली म्हणून लॅपटॉप बंद पडला, असं आपण म्हणतो. पण बॅटरी चांगली असेल तर लाईट गेल्याचं लॅपटॉपला कळायलाही नको. इन्व्हर्टर उचलेपर्यंतचा तो क्षणभराचा खंड बॅटरीने सहज पेलायला हवा. विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्ट काढता येतो. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आता पूर्ण चार्ज झाल्यावरची क्षमता शेजारीशेजारी दिसते. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर आणखी चाचण्या करायची गरज नाही.

चार्जरची पिन जरा हलली की जातो, तर पिन, वायर किंवा जॅक (पिन बसते ती खोबण). निळा पडदा दिसतो किंवा आपोआप रीस्टार्ट होतो, तर बहुधा ड्रायव्हर (एखादा भाग चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी).

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे मशीनच्या घडामोडींच्या नोंदवहीत, 'कर्नल-पॉवर 41' अशी नोंद दिसली की लोक घाबरतात. तिचा अर्थ एवढाच, की मशीन नीट बंद न होता गेलं. का गेलं, हे ती नोंद सांगत नाही. 1074 ही नोंद दिसली तर मात्र एखाद्या प्रोग्रामने किंवा अपडेटने स्वतःहून बंद करायला सांगितलं होतं. मग दुकानात जायचं कारणच नाही.

आता तीन वाटा.

घरी करण्यासारखं काम लोकांना वाटतं त्यापेक्षा जास्त आहे आणि इंटरनेटवर दाखवतात त्यापेक्षा कमी. चार्जर काढून पॉवर बटण तीसेक सेकंद दाबून ठेवणं, दुसऱ्या कुणाचा तेवढ्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच किंवा जास्त वॅटचा चार्जर लावून बघणं, गादीवरून उचलून टेबलावर ठेवणं, बॅकअप घेणं, एवढं कुणीही करावं. मागचं झाकण उघडून पंखा साफ करणं ज्याला स्क्रूड्रायव्हरची सवय आहे त्यानेच करावं, आणि तेही वॉरंटी संपलेली असेल तर. झाकण निघालं की सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवायची आणि मगच हवा मारायची. फुंकर नको, तोंडातला ओलावा आत जातो. घरच्या केरकचऱ्याचा व्हॅक्यूम क्लीनरही नको. हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) काढून त्याखालची पेस्ट बदलणं मी घरी करत नाही. स्क्रू मागेपुढे घट्ट झाले तर प्रोसेसरवर दाब सारखा बसत नाही.

बॅटरी फुगलेली दिसली, म्हणजे टचपॅड वर आलं किंवा झाकण नीट बसेनासं झालं, तर घरगुती प्रयोग तिथेच थांबवा. चार्जर काढा, मशीन बंद करा. टोचायची नाही, दाबायची नाही, कचऱ्यात टाकायची नाही.

तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण किनाऱ्यावरच्या लोकांना खरा फायदा तिथे आहे. माझा लॅपटॉप शेवटी चिपळूणच्या एका छोट्या दुकानात बरा झाला. त्या मुलाने झाकण काढलं आणि काही न बोलता माझ्याकडे वळवलं. गरम हवा बाहेर पडते तिथल्या बारीक पात्यांवर राखाडी नमदा बसला होता, नखाएवढा जाड. चिमट्याने त्याने तो अख्खा एका तुकड्यात उचलला. कापूस, केस आणि त्यात चमकणारी बारीक वाळू.

"काकी, गादीवर ठेवून काम करता ना?"

"हो रे. रात्री."

"आणि खिडकी समुद्राकडे."

मग त्याने चार्जिंगच्या जॅकजवळचा भाग भिंगाखाली दाखवला. तांब्यावर हिरवट पुटं चढली होती. हे शहरातल्या मशीनमध्ये सहसा दिसत नाही. खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेलं मीठ बोर्डावर बसतं. हवेतला दमटपणा साधारण 75 टक्क्यांच्या वर गेला की तेच मीठ पाणी ओढून घेतं आणि ओलं होतं. पावसाळ्यात आपल्याकडे त्याहून कमी दमटपणाचे दिवस मोजकेच. ओल्या मिठातून वीज नको तिथे झिरपते, तांबं खाल्लं जातं. त्याने आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने तो भाग धुतला, जॅक बदलला, पेस्ट नवी लावली. सातशे रुपये साफसफाईचे, जॅकचे वेगळे. संध्याकाळच्या एसटीने लॅपटॉप घेऊन मी घरी.

चांगला दुरुस्तीवाला खराब झालेला तेवढाच भाग बदलतो, आणि तुमच्यासमोर उघडतो. त्याची उणीव सुट्या भागांत आहे. बॅटरी बहुतेकदा 'कंपॅटिबल', म्हणजे दुसऱ्या कंपनीची पण जुळणारी, मिळते, आणि तिचा दर्जा नशिबावर. म्हणून तीन गोष्टी धरून ठेवा: काढलेला भाग परत मागायचा, बिलावर बॅटरीची वॉरंटी लिहून घ्यायची, आणि घरी आल्यावर पूर्ण चार्ज करून घड्याळ लावायचं. स्वस्त बॅटरी रिपोर्टमध्ये मोठा आकडा दाखवू शकते, घड्याळ फसत नाही. न उघडताच "बोर्ड गेला" म्हणणाऱ्याकडून मशीन परत घ्यावं, एवढा धडा मी घेतलाय.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची बाजू वॉरंटीत असताना निर्विवाद आहे. वॉरंटी शिल्लक असेल तर कुणालाही स्क्रू काढू देऊ नका, सरळ तिकडे जा. मूळ बॅटरी, मूळ चार्जर, बदललेल्या भागावर हमी हे सगळं तिथे मिळतं. बॅटरी बदलायची असेल आणि मशीन तीनेक वर्षांचंच असेल तर वॉरंटी संपल्यावरही मी तिथलीच घेईन, महाग असली तरी. पण बोर्डावर बिघाड असेल तर तिथे सहसा अख्खा बोर्ड बदलायचं अंदाजपत्रक येतं, एका जॅकपुरतं काम फारसं होत नाही. गंज किंवा ओल दिसली तर ती वॉरंटीत न बसण्याचीही शक्यता असते, हे किनाऱ्यावरच्यांनी आधी विचारून घ्यावं. आणि अंतर आहेच. गुहागरहून रत्नागिरी किंवा कोल्हापूर म्हणजे द्यायला एक दिवस, आणायला एक दिवस. काही कंपन्यांचा माणूस घरी येतो, पण तुमच्या पिनकोडला येतो का ते फोनवर नक्की करा. मशीन देताना डेटाचा बॅकअप आपल्याकडे हवाच.

थोडक्यात माझी निवड अशी: वॉरंटीत असेल तर कंपनी. उष्णता, धूळ, जॅक असेल तर तालुक्याचा दुरुस्तीवाला, डोळे झाकून नव्हे, समोर बसून. बॅटरी असेल तर मशीनचं वय बघून.

नवीन घ्यायचा विचार मी दोनच वेळा करेन. बोर्डावरचा गंज प्रोसेसरच्या आसपास पसरला असेल तर धुऊन चालू झालेलं मशीन पुढच्या पावसात पुन्हा दगा देतं. मी शेजारच्या घरी हे दोनदा पाहिलं. दुसरं, मशीन 2017 च्या आधीचं असेल तर. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि इतक्या जुन्या प्रोसेसरवर विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही. तिथे मोठा खर्च करू नये. जुन्यातली एसएसडी (डेटा साठवणारा भाग) चांगली असेल तर काढून बाहेरच्या डब्यात बसवून घ्या, बिलांचा साठा त्यातच राहतो.

एक गोष्ट मुंबईहून सणाला येणाऱ्यांसाठी. घरात ठेवलेला लॅपटॉप मे महिन्यात कपाटात बंद केला आणि गणपतीला उघडला तर तो रोज वापरलेल्या मशीनपेक्षा वाईट अवस्थेत सापडतो. चालू मशीनची ऊब आतली ओल उडवते. इथे कुणी राहत असेल तर त्याला सांगून ठेवा, आठवड्यातून दोनदा तासभर चालू कर. कुणीच नसेल तर सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि आल्यावर लगेच चार्जर लावू नका. पंख्याखाली एक दिवस उघडा ठेवा, मग बटण दाबा.